रिकामा चाप ओढला तर रायफल खराब होते का?

एनसीसीत पॉइंट टू टू रायफल हातात आली की कुणी ना कुणी सिनिअर दम देतोच, उगं रिकामा चाप ओढू नको, पिन जाईल. आणि तिकडं थ्री नॉट थ्रीवाले पोलीस रायफल रिकामी केल्यावर सगळ्यांदेखत खट्कन चाप ओढतात, त्यांना कुणी काही म्हणत नाही. मग खरं कुणाचं? दोघांचंबी खरं आहे, कारण रायफली वेगळ्या आहेत.

चाप ओढला की स्प्रिंगच्या जोरानं फायरिंग पिन, म्हणजे काडतुसाच्या बुडावर ठोका देणारी सुई, पुढं झेपावते आणि तो जोर कुठंतरी जिरायलाच लागतो. काडतुसाचं पितळ मऊ, ते चेपतं आणि धक्का खातं. लोहाराचा घण तापलेल्या फाळावर पडला तर ऐरणीला काही होत नाही, फाळ नसताना नुसत्या ऐरणीवर घातला की बघा कडा कशा उडतात ते.

पॉइंट टू टूचं काडतूस रिमफायर, म्हणजे पेट घेणारा मसाला बुडाच्या कडेत भरलेला. ही कड जेमतेम ७ मिमी व्यासाची, जाडी १ मिमीच्या आसपास. पिन तिथंच मारते आणि कडेच्या बरोबर पलीकडं चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसतं त्या पोकळीच्या, तोंडाचं पोलाद असतं. काडतूस नसलं आणि पिन जरा जास्त पुढं आली की पोलादावर पोलाद. चेंबरच्या काठाला बारीक खड्डा पडतो, तिथलं लोखंड आत सरकून बोचरी कड तयार होते, मग काडतूस नीट बसत नाही, नाहीतर रिकामी पुंगळी अडकून बसते, आणि पिनचं टोक बोथट झालं तर मिसफायर सुरू. रुगर १०/२२ सारख्या काही रायफलीत पिनला आतच अडवलेलं असतं, कंपनी स्वतः म्हणते चालतंय.

थ्री नॉट थ्री सेंटरफायर, म्हणजे मसाला बुडाच्या मधोमध. पिन मधोमध येते, समोर चेंबरची पोकळी, आदळायला काहीच नाही, पिनला बोल्टच्या, म्हणजे मागून चेंबर बंद करणाऱ्या दांड्याच्या, आतच अडवलेलं असतं. म्हणून चालतं. जुन्या दुनळीचं मात्र तसं नाही, तिची पिन कडक न् ठिसूळ असू शकते, जाड भाग जिथं बारीक होतो तिथं चीर पडते आणि एक दिवस तुकडा. ठासणीच्या बंदुकीत तर ठिणगीची कॅप नसताना घोडा सरळ निपलवर, म्हणजे कॅप बसवायच्या बोंडीवर, आपटतो.

सगळ्यात नाजूक कोण, तर माळेगावच्या जत्रेत फुगे फोडायला असते तसली स्प्रिंगची एअरगन! छर्रा असला की पिस्टनपुढं हवा दाबली जाते, तीच त्याला शेवटी अलगद थांबवते. छर्रा नसला की हवा भसकन निघून जाते, पिस्टन धाडकन आदळतो, सील फाटतं, स्प्रिंगबी जाते. पोरं गंमत म्हणून रिकामीच उडवायलेली असतात, दुकानदार उगाच ओरडत नाही.

मग नेमबाज तासन्‌तास ड्राय प्रॅक्टिस, म्हणजे गोळीविना सराव, करतात ती कशी? मॅचच्या एअर रायफलींना त्यासाठी वेगळी सोयच असते, हवा न सुटता नुसता चाप वाजतो. स्वप्नील कुसळेनं २०२४ ला पॅरिसमध्ये ब्राँझ घेतलं ती ५० मीटर रायफल मात्र ५.६ मिमीची रिमफायर, म्हणजे आपली पॉइंट टू टूच. असल्या रायफलीचं आधी मॅन्युअल बघायचं. सेंटरफायरला किंवा दुनळीला स्नॅप कॅप मिळते, काडतुसाच्या मापाची, पिन पडते तिथं स्प्रिंग नाहीतर रबर. पॉइंट टू टूला वापरलेली पुंगळीबी चालते (एनसीसीत ती मोजून परत द्यावी लागते, तिथं विचारूच नका), फक्त दरवेळी थोडी फिरवून घालायची, कारण एकदा चेपलेल्या जागेवर पिन परत पडली तर धक्का खायला तिथं काही उरलेलं नसतं.