मार्टिनी-हेन्री की मार्टिनी-एनफिल्ड? आधी नळीचं तोंड मोजा

आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या जुन्या घराण्यांत भिंतीवरची आखूड बंदूक दाखवताना एक वाक्य हमखास ऐकू येतं: "ही मार्टिनी कार्बाइन, तीनशे तीनची, 1877 ची." पाहुणे माना डोलावतात, कुणीतरी फोटो काढतो आणि तेच वाक्य पुढे चार ठिकाणी जातं. पण .303 हे काडतूस ब्रिटिश सैन्यात आलं 1888 मध्ये. 1877 साली त्या काडतुसाची बंदूक कुणी बनवणं शक्यच नव्हतं. तरीही अंगावर 1877 कोरलेली आणि .303 चं काडतूस घेणारी मार्टिनी असू शकते. सगळा घोळ तिथेच आहे आणि तो सोडवायला कुणी दोन मिनिटं देत नाही, याचा मला मनापासून राग येतो.

.303 बद्दल फार सांगत बसत नाही. पोलिसांच्या खांद्यावर ती पिढ्यान्‌पिढ्या दिसली आहे. 7.7 मिलिमीटरची नळी, बिनधुराची दारू, वर धातूचं कवच असलेली गोळी. एवढं तुम्हाला माहीत आहे असं धरून चालतो.

मार्टिनी-हेन्री 1871 ची. दस्त्यामागची लीव्हर खाली ओढली की आतला ठोकळा पुढच्या बाजूने खाली पडतो, काडतूस सरकवायचं, लीव्हर वर घ्यायची. एका वेळी एकच बार. यंत्रणा मार्टिनीची आणि नळीतले, गोळीला फिरकी देणारे चर एडिंबराच्या अलेक्झांडर हेन्रीचे, म्हणून जोडनाव. घोडदळाची कार्बाइन 1877 मध्ये आली, तोफखान्याची त्यानंतर दोन वर्षांनी. त्या दोघींतला फरक किरकोळ आहे: तोफखान्याच्या कार्बाइनला संगीन बसते, घोडदळाच्या कार्बाइनला नाही.

आता खरा मुद्दा. .303 आल्यावर हजारो मार्टिनी हातात होत्या आणि त्यांचा पोलादी सांगाडा उत्तम होता. मग सरकारने सांगाडा तोच ठेवला, ठोकळा नव्या काडतुसाला जुळवून घेतला आणि नळी बदलली. आधी मेटफर्डच्या उथळ चरांची नळी लावली, ती मार्टिनी-मेटफर्ड. पण कॉर्डाइट नावाची नवी दारू इतकी तापते की ते उथळ चर लवकर झिजू लागले. म्हणून 1895 पासून एनफिल्ड या सरकारी कारखान्याच्या खोल, चौकोनी पाच चरांची नळी आली. हीच मार्टिनी-एनफिल्ड. म्हणजे उजव्या अंगावर मुकुट, त्याखाली 'व्ही. आर.' (राणी व्हिक्टोरियाची अक्षरं), मग एनफिल्ड आणि साल, हा जो छाप लोक बोट ठेवून वाचतात तो सांगाड्याचा जन्मदाखला आहे. नळीचा नाही. बंदूक कोणती हे नळी ठरवते, कारण काडतूस नळीत जातं.

लांबीवरून ओळखू म्हणाल तर हेन्री आणि एनफिल्ड या दोन्ही कार्बाइन साधारण 95 सेंटिमीटरच्या, बोटभराचाही फरक नाही. लीव्हर सारखी, दस्ता सारखा. एवढंच काय, काडतुसांची लांबीही जवळपास सारखी, 78-79 मिलिमीटर. फरक जाडीत आहे. जुन्या काडतुसाची कड 19 मिलिमीटरच्या आसपास, .303 ची 14 च्याही आत. नळीच्या तोंडाचंही तसंच: हेन्रीची नळी 11.4 मिलिमीटर, एनफिल्डची 7.7. साधी पेन्सिल सात मिलिमीटरच्या आसपास असते. एनफिल्डच्या तोंडात ती जेमतेम बसेल, हेन्रीच्या तोंडात सैल हलेल. शिवाजी उद्यमनगरात कुठल्याही टर्नरच्या खिशात व्हर्नियर असतो. ज्या गावात मिलिमीटरच्या शंभराव्या भागावरून कास्टिंग नाकारतात, त्या गावात बंदुकीची नळी न मोजता साल सांगतात हे मला पटत नाही. मोजण्याआधी लीव्हर खाली करून मागून आत बघायचं. ठोकळा खाली असताना खाना, म्हणजे काडतुसाची जागा, रिकामा दिसला पाहिजे. त्याशिवाय तोंडाशी हातही न्यायचा नाही.

डाव्या अंगालाही बघा. नळी बदललेल्या बंदुकीवर तिथे सहसा .303 चा आकडा आणि रूपांतराचा शिक्का असतो. दुर्दैवाने विकणारा पॉलिश पेपरने घासून आरसा करून ठेवतो आणि सगळी ओळखच निघून जाते. घासलेल्या, चकचकीत मार्टिनीपेक्षा काळवंडलेली, छाप शाबूत असलेली मार्टिनी मी कधीही पसंत करीन. आणखी एक: राणी व्हिक्टोरिया जानेवारी 1901 मध्ये गेली. मुकुटाखाली 'व्ही. आर.' आणि त्याखाली 1903 असं काही दिसलं, तर ती वायव्य सरहद्दीकडच्या कारागिरांनी हाताने बनवलेली नक्कल आहे. अशा नकलांवर अक्षरंही उलटी कोरलेली सापडतात.

काडतुसाच्या नावातही लोक अडकतात. हेन्रीचं काडतूस .577/450. यातला पहिला आकडा गोळीचा नाही. आधीच्या स्नायडर बंदुकीची .577 ची पुंगळी घेऊन तिची मान .450 पर्यंत आवळली, म्हणून दोन आकडे. गोळी .450 ची: शिशाची, कागदात गुंडाळलेली, मागे काळी दारू. रायफलीच्या काडतुसात 480 ग्रेनची (ग्रेन हे वजनाचं छोटं माप) गोळी आणि 85 ग्रेन दारू. कार्बाइन हलकी, धक्का खांद्याला सोसवेना, म्हणून तिच्यासाठी 410 ग्रेनची गोळी आणि 70 ग्रेन दारू, पुंगळी मात्र तीच. म्हणून रायफलीचं काडतूस कार्बाइनमध्ये बिनदिक्कत बसतं. कार्बाइनशेजारी काचेत रायफलीचं काडतूस ठेवणं ही संग्राहकांची नेहमीची चूक, आणि ती मला खटकते.

.303 ची पुंगळी उघडली तर आत भुकटी नसते, शेवयांसारख्या कॉर्डाइटच्या काड्या असतात. हे मी छापील चित्रांवरून बघायला सांगतो, कापून नाही. जुनं काडतूस लेथवर धरून अर्धं कापून आणणारे लोक आहेत. शंभर वर्षांनीही बुडातली, दारू पेटवणारी टोपी पेट घेऊ शकते. कृपा करून हे करू नका, टर्नरलाही त्यात ओढू नका.

भारतात हेन्री इतकी का उरली, याचं कारण 1857 मध्ये आहे. त्या उठावानंतर इंग्रज देशी पलटणींना मुद्दाम एक पिढी मागचं हत्यार देत आले. वायव्य सरहद्दीवरच्या 1897-98 च्या तिराह मोहिमेत गोऱ्या पलटणींकडे दहा गोळ्यांची .303 ली-मेटफर्ड होती आणि शेजारी लढणाऱ्या देशी शिपायांकडे एकबारी मार्टिनी-हेन्री. माझ्या दृष्टीने हेन्रीचं मोल यात आहे. तिला उगाच .303 म्हणून मोठं करायला गेलं की हा इतिहासच पुसला जातो.

कायद्याचं थोडक्यात. "जुनी आहे, परवाना लागत नाही" हे साफ चूक. शस्त्र कायदा 1959 च्या कलम 45 मध्ये सूट आहे ती जुन्या धाटणीच्या, पुराणमूल्याच्या किंवा नादुरुस्त हत्याराला, पण दुरुस्त करूनही त्यातून बार निघणार नसेल तरच. लीव्हर चालते, पिन पुढे येते, नळी मोकळी आहे, अशी मार्टिनी त्यात बसत नाही. .303 हा सैन्याचा दारूगोळा असल्याने साध्या परवान्यावर त्या मापाची बंदूक मिळत नाही. आपल्याकडच्या नागरी रायफली .315 च्या असतात त्या यामुळेच. म्हणून तुमची मार्टिनी कोणती, हा नुसता हौसेचा प्रश्न राहत नाही. वारसाहक्काने आलेली असेल तर जिल्हाधिकारी कार्यालयातल्या अर्जावर नळीचं माप बरोबर लिहा, सांगाड्यावरचं साल वाचून अंदाजाने नको. 2019 च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला दोनच बंदुका ठेवता येतात, तेही ध्यानात घ्या. आणि जिवंत काडतूस परवान्याशिवाय घरात नको, एकही नको.

गोळा करायच्याच असतील तर झाडलेल्या रिकाम्या पुंगळ्या बघा, आणि त्याही परवाना विभागाला विचारून. .303 च्या बुडावर 'के' आणि 'एफ' ही अक्षरं दिसली तर ती खडकीच्या कारखान्यातली, म्हणजे पुण्यात बनलेली. शेजारी साल आणि रोमन आकडा असतो. सात असेल तर 1910 नंतरची टोकदार गोळी, सहा असेल तर त्याआधीच्या धाटणीची बोथट. वस्तूशेजारी ठेवायच्या माहितीच्या कार्डावर हे सगळं लिहा. बंदुकीच्या कार्डावर मात्र दोन ओळी वेगळ्या ठेवा: सांगाडा अमुक सालचा, नळी अमुक मापाची.