हबीब, फिलिप

(२५ फेब्रुवारी १९२० – २५ मे १९९२). अमेरिकेचे ज्येष्ठ मुत्सद्दी. व्हिएतनाम, दक्षिण कोरिया आणि विशेषतः लेबनॉन येथील वाटाघाटींमुळे ते ओळखले जातात. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात, ज्यू वस्तीत राहणाऱ्या लेबनीज मॅरोनाइट ख्रिस्ती कुटुंबात ते वाढले. पदवी वनशास्त्राची (आयडाहो विद्यापीठ), डॉक्टरेट कृषी अर्थशास्त्रातली (बर्कली). परराष्ट्र सेवेत मात्र ते १९४९ मध्येच दाखल झाले होते.

१९६५ पासून ते दक्षिण व्हिएतनामची राजधानी सायगाव येथील अमेरिकी वकिलातीत राजकीय विभाग सांभाळत होते. मार्च १९६८ मध्ये, कम्युनिस्टांच्या टेट आक्रमणानंतर (दक्षिण व्हिएतनामभर झालेले एकाच वेळचे हल्ले), राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांच्या ज्येष्ठ सल्लागारांपुढे परिस्थिती मांडण्याचे काम त्यांच्याकडे आले. लष्करी विजय शक्य आहे का, या प्रश्नाला त्यांनी सध्याच्या परिस्थितीत नाही, असे उत्तर दिले. बॉम्बफेक थांबवून बोलणी करावीत, असे सुचवले. पुढे व्हिएतनाम युद्धावरील पॅरिसच्या वाटाघाटींत ते होते. तेथे टेबल कोणत्या आकाराचे असावे, या वादातच कित्येक आठवडे गेले. वाद वरवर हास्यास्पद वाटतो, पण कोणत्या बाजूला स्वतंत्र पक्ष म्हणून मान्यता द्यायची, हा खरा प्रश्न त्यामागे होता.

हबीब दक्षिण कोरियात, सोलमध्ये राजदूत असताना (१९७१–७४) तेथील विरोधी नेते किम दे-जुंग यांचे ८ ऑगस्ट १९७३ रोजी टोकियोतून अपहरण झाले. त्यांनी कोरियन सरकारला तातडीने सज्जड इशारा दिला. किम यांचा जीव वाचण्यात या हालचालीचा वाटा मोठा मानला जातो. १९७६ मध्ये ते राजकीय व्यवहारांचे उपपरराष्ट्रमंत्री झाले, पण हृदयविकारामुळे १९७८ मध्ये निवृत्त झाले.

राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी त्यांना मे १९८१ मध्ये मध्यपूर्वेसाठी विशेष दूत म्हणून पुन्हा बोलावले. सीरियाने लेबनॉनच्या बेका खोऱ्यात विमानवेधी क्षेपणास्त्रे आणली होती आणि इस्राएल ती उडवण्याच्या तयारीत होता. २४ जुलै १९८१ रोजी हबीब यांनी इस्राएल व पीएलओ (पॅलेस्टाइन मुक्ती संघटना) यांच्यात शस्त्रसंधी घडवली. मात्र दोन्ही पक्षांच्या सह्यांचा एकच कागद नव्हता. लेबनॉनच्या सीमेवरचे हल्ले थांबवायचे एवढाच पीएलओचा अर्थ. इस्राएलच्या मते जगात कोठेही झालेला हल्ला म्हणजे शस्त्रसंधीचा भंग. ३ जून १९८२ रोजी लंडनमध्ये इस्राएलच्या राजदूतावर गोळीबार झाला. तो पीएलओतून फुटलेल्या अबू निदाल गटाने केला होता, तरी ६ जूनला इस्राएली फौजा लेबनॉनमध्ये शिरल्या.

इस्राएलने बैरूतला घातलेल्या वेढ्यात हबीब यांची कार्यपद्धती सर्वांत स्पष्ट दिसते. पीएलओशी थेट बोलायचे नाही, अशी हमी अमेरिकेने १९७५ मध्ये इस्राएलला दिली होती. म्हणून यार्झे टेकडीवरच्या अमेरिकी राजदूतांच्या निवासस्थानातून निरोप जात तो लेबनॉनचे पंतप्रधान शफीक वझ्झान व माजी पंतप्रधान साएब सलाम यांच्यामार्फत पीएलओचे नेते अराफत यांच्याकडे. उत्तरही त्याच वाटेने येई. प्रत्येक शब्दाला वेळ लागे, आणि मध्येच तोफमारा सुरू झाला की बोलणी खोळंबत. १२ ऑगस्टच्या प्रचंड बॉम्बफेकीनंतर रेगन यांना इस्राएलचे पंतप्रधान बेगिन यांना स्वतः फोन करावा लागला.

पीएलओच्या लढवय्यांनी बैरूत सोडायचे, यावर बोलणी होती; खरी अडचण क्रमाची होती. देखरेखीसाठी परदेशी फौज आधी यावी, मग आम्ही निघू, असे अराफत म्हणत. इस्राएलला नेमके उलटे हवे होते. तोड अशी निघाली की त्या फौजेतली फ्रेंच तुकडी येण्याचा आणि पीएलओच्या माणसांची पहिली बोट सुटण्याचा दिवस एकच, २१ ऑगस्ट. ठरल्याप्रमाणे निर्गमन झाले नाही तर फौजेने ताबडतोब परतायचे. प्रत्येकाने एकच वैयक्तिक शस्त्र न्यायचे, जड हत्यारे लेबनीज सैन्याकडे सोपवायची. ही माणसे घ्यायला अरब देश सहजी तयार नव्हते; शेवटी ती ट्युनिशिया, सीरिया, जॉर्डन, इराक, येमेन अशी अनेक देशांत विखुरली. सप्टेंबरच्या आरंभापर्यंत, सीरियन सैनिक धरून, सुमारे १४ हजार जण बाहेर पडले. हबीब यांना राष्ट्राध्यक्षांचे स्वातंत्र्यपदक मिळाले.

योजनेतला कच्चा दुवा मागे राहिलेल्या पॅलेस्टिनी कुटुंबांच्या सुरक्षेचा होता. अमेरिकेने त्यासाठी हमी दिली, पण ती इस्राएल व काही लेबनीज गटांच्या आश्वासनांवर उभी होती. परदेशी फौजेतले अमेरिकी मरीन सैनिक तीस दिवसांची मुदत संपण्याआधीच, १० सप्टेंबरला निघून गेले. १४ तारखेला लेबनॉनचे नियोजित अध्यक्ष बशीर जेमायेल मारले गेले, इस्राएली फौजा पश्चिम बैरूतमध्ये घुसल्या आणि १६ ते १८ सप्टेंबरला बैरूतमधील साब्रा व शातिला या निर्वासित वस्त्यांत फालांजिस्ट (लेबनीज ख्रिस्ती) टोळ्यांनी शेकडो पॅलेस्टिनी निर्वासितांची कत्तल केली. १७ मे १९८३ च्या इस्राएल–लेबनॉन कराराचे गणित सीरिया लेबनॉनमधून माघार घेईल यावर होते. सीरियाचे अध्यक्ष असद यांनी साफ नकार दिला. लेबनॉनने मार्च १९८४ मध्ये हा करार रद्द केला.

फेब्रुवारी १९८६ मध्ये फिलिपिन्सचे अध्यक्ष मार्कोस यांच्या वादग्रस्त निवडणुकीनंतर रेगन यांनी हबीब यांना मनिलाला पाठवले. त्याच वर्षी ते मध्य अमेरिकेचे विशेष दूत झाले. ऑगस्ट १९८७ मध्ये तेथील पाच राष्ट्राध्यक्षांनी शांतता करारावर सह्या केल्या, तेव्हा लगेच तेथे जाऊन वाटाघाटी पुढे न्याव्यात असे हबीब यांचे मत होते. व्हाइट हाउसने परवानगी नाकारताच त्यांनी राजीनामा दिला.