टॉवरवरून पडलेल्या नाण्याने माणूस मरतो का?

लोअर परळ-वरळीत टॉवर उठले तेव्हापासून हे ऐकू येतं: वरच्या मजल्यावरून रुपयाचं नाणं पडलं, तर ते गोळीसारखं डोक्यात घुसतं. हे खरं नाही.

गैरसमजाचं मूळ अर्धवट गणितात आहे. गुरुत्वाकर्षणामुळे पडणाऱ्या वस्तूचा वेग दर सेकंदाला सुमारे 9.8 मीटर प्रतिसेकंदाने वाढतो. या हिशेबाने 250 मीटरवरून पडलेलं नाणं ताशी 250 किलोमीटरने आदळायला हवं. पण हा हिशेब निर्वात पोकळीतला. मुंबईत हवा आहे, आणि वेग वाढतो तसा तिचा विरोध झपाट्याने वाढतो. जेमतेम चार ग्रॅमच्या, चपट्या, गरगरत येणाऱ्या नाण्याला ती लवकरच अडवते. विरोध वजनाइतका झाला की वेग वाढायचा थांबतो, साधारण ताशी 50-60 किलोमीटरवर. म्हणजे पंधराव्या मजल्यावरून टाका की सत्तराव्या, फरक जवळजवळ नाही. लागेल, कदाचित खोक पडेल. कवटी फुटणार नाही. आपल्या पावसाचंही तेच: हवा नसती तर किलोमीटरभर उंचीवरचा थेंब ताशी 500 किलोमीटरने अंगावर आला असता, मोठा थेंबही येतो तो फार तर ताशी 30-35 ने.

मात्र यावरून 'वरून काहीही पडलं तरी चालतं' असं कृपा करून कोणी समजू नये. तीन किलोच्या विटेला दहा मजल्यांत हवा फारशी अडवू शकत नाही. तिच्या आघातातली ऊर्जा त्या नाण्याच्या सुमारे दोन हजार पट असते. खिडकीच्या कठड्यावरची कुंडी, माडावरचा नारळ, परांचीवरून निसटलेला हातोडा, ही खरी जीवघेणी.