'वांग' स्वस्त झाला म्हणून 'हुआंगदी' आला

वांग यी हे नाव आपण पेपरात सारखं वाचतो, चीनचे परराष्ट्रमंत्री. चिनी लोक आडनाव आधी लावतात, म्हणजे 'वांग' हे आडनाव झालं, आणि त्या अक्षराचा सरळ अर्थ आहे राजा. आज चीनमध्ये कोट्यवधी लोकांचं हे आडनाव आहे. पण एक काळ असा होता की पदवी म्हणून हा शब्द अख्ख्या दुनियेत फक्त एकाच माणसाला लावायचा, दुसऱ्या कोणी लावला तर तो सरळ बंडखोर. तो शब्द तिथून खाली कसा घसरत गेला हे समजलं की नंतरचे सगळे शब्द का आले तेही समजतं. मराठीत आपण सगळ्यांनाच राजा नाहीतर सम्राट लिहून मोकळे होतो आणि त्यामुळे या पदव्यांवरून झालेली भांडणं दिसतच नाहीत, मला हे फार खटकतं म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

सुरुवात शांग घराण्यापासून करू, कारण लिहिलेला पुरावा तिथूनच मिळतो. आनयांगजवळ त्यांची शेवटची राजधानी होती, तिथे १९२८ पासून उत्खनन झालं. हे राजे भविष्य बघायला कासवाची कवचं आणि बैलांची खांद्याची हाडं तापवायचे, त्यांना तडे गेले की त्यावरून कौल घ्यायचे आणि प्रश्न काय होता ते त्याच हाडावर कोरून ठेवायचे. त्या कोरीव मजकुरात राजा म्हणजे 'वांग'. हे अक्षर म्हणजे पातं खाली केलेल्या कुऱ्हाडीचं चित्र आहे असं बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे. पुढे इ.स. १०० च्या सुमाराला तयार झालेल्या एका चिनी कोशात वेगळाच अर्थ दिलाय, तीन आडव्या रेघा म्हणजे आकाश, माणूस आणि पृथ्वी, आणि तिघांना जोडणारी उभी रेघ म्हणजे राजा. ऐकायला हे फार सुंदर आहे आणि हाच अर्थ सगळीकडे सांगितला जातो, पण तो हजारेक वर्षांनी मागाहून लावलेला आहे. मला कुऱ्हाडच पटते. १९७६ मध्ये राणी फू हाओची थडगी सापडली, ही बाई स्वतः सैन्य घेऊन लढायला जायची, आणि त्या थडग्यात मोठमोठ्या कांस्याच्या कुऱ्हाडी निघाल्या. शिक्षा द्यायचा आणि युद्ध करायचा अधिकार ज्याच्या हातात तो राजा, एवढी सरळ गोष्ट.

त्याच हाडांवर दुसरा एक शब्द येतो, 'दी'. हा तेव्हा माणसाचा शब्द नव्हताच. दी म्हणजे सगळ्यात वरचा देव, पाऊस पाडणारा, दुष्काळ आणणारा. मेलेल्या राजांनाही हा शब्द लागायचा, शांगच्या शेवटच्या दोन राजांची नावं दी यी आणि दी शिन अशीच आहेत, पण जिवंत राजाने स्वतःला दी म्हणवून घ्यायची पद्धत नव्हती. जिवंत राजा स्वतःबद्दल बोलताना म्हणायचा 'यू यी रन', म्हणजे 'मी, एकटा माणूस'.

इ.स.पू. १०४६ च्या सुमाराला पश्चिमेकडच्या झोऊ लोकांनी शांगला हरवलं आणि त्यांच्यापुढे मोठा प्रश्न उभा राहिला की कालपर्यंत ज्याला आपण वांग मानत होतो त्यालाच मारून आपण वांग कसे झालो? यावर त्यांनी जे उत्तर शोधलं ते पुढे तीन हजार वर्षं टिकलं. आकाश, म्हणजे 'तियान', ते राज्य करायचा हुकूम देतं आणि राजा नालायक निघाला तर तो हुकूम काढूनही घेतं. म्हणून झोऊ राजा झाला 'तियानझी', आकाशाचा पुत्र. यातली गोम अशी की एकदा का 'हुकूम काढून घेता येतो' हे मान्य केलं की ते आपल्यालाही लागू होणार, आणि झालंच.

झोऊंनी जमीन नातेवाइकांना आणि साथीदारांना वाटली. त्यांच्या रँक ठरलेल्या असायच्या, गोंग, होऊ, बो, झी, नान, वरून खाली अशा. वांग मात्र एकच. 'आकाशात दोन सूर्य नसतात, पृथ्वीवर दोन वांग नसतात' असं वचनच होतं. पण इ.स.पू. ७७१ मध्ये झोऊंची पश्चिमेची राजधानी पडली, ते पूर्वेला लोयांगला सरकले आणि तिथून त्यांची ताकद संपल्यातच जमा झाली.

पहिला धक्का दिला दक्षिणेच्या चू राज्याने. यांगत्सेच्या खोऱ्यातलं हे राज्य, उत्तरेचे लोक त्यांना रानटी समजायचे आणि त्यांची रँक होती झी, म्हणजे खालून दुसरी. चूच्या राजाने झोऊ दरबाराकडे निरोप पाठवला की माझी रँक वाढवा. दरबाराने नकार दिला. तेव्हा इ.स.पू. ७०४ मध्ये तो म्हणाला, राजा माझा मान वाढवत नसेल तर मी स्वतःच वाढवतो, आणि वांग झाला. चिनी इतिहासकार सिमा छियानने आपल्या इतिहासात हे लिहून ठेवलंय. आणि मला यातला सगळ्यात आवडणारा भाग पुढे आहे, लू राज्यात वर्षावार नोंदी लिहिणाऱ्यांनी, ज्या नोंदींशी कन्फ्यूशियसचं नाव जोडलं जातं, चूच्या राजाला कधीच वांग लिहिलं नाही, तो कितीही मोठा झाला तरी प्रत्येक वेळी 'चूचा झी'. सैन्य त्याच्याकडे होतं, लेखणी यांच्याकडे.

उत्तरेतल्या राज्यांनी मात्र बराच काळ ती मर्यादा पाळली. तिथे जो सगळ्यात बलवान तो स्वतःला वांग म्हणवत नसे, त्याला 'बा' म्हणायचे, म्हणजे सगळ्या सरदारांचा म्होरक्या, झोऊ राजाच्या नावाने तंटे सोडवणारा. छी राज्याचा ह्वान हा त्यातला पहिला. पुढे तत्त्वज्ञ मेन्शियसने या दोन शब्दांवरच अख्खी मांडणी उभी केली, जोर वापरून वर दयेचं सोंग आणतो तो बा, आणि सद्गुणावर राज्य करतो तो वांग. म्हणजे पदवीची व्याख्याच त्याने बदलली.

आणि हे तो बोलत होता नेमकं तेव्हा, जेव्हा वांग हा शब्द दर काही वर्षांनी नव्या माणसाला चिकटत होता. इ.स.पू. ३३४ मध्ये वेई आणि छी या दोन राज्यांच्या प्रमुखांनी भेटून एकमेकांना वांग म्हणून मान्यता दिली. दहा वर्षांत छिन राज्याचा प्रमुख वांग झाला. इ.स.पू. ३२३ मध्ये पाच राज्यांनी मिळून तेच केलं आणि त्यात झोंगशानसारखं छोटंसं राज्यही होतं, त्यावर छी राज्य भडकलं की याच्या बरोबरीने बसायची आम्हाला लाज वाटते. झाओ राज्याचा तरुण प्रमुख तेवढा वेगळा निघाला, तो म्हणाला, हातात तेवढं काही नाही तर नाव कशाला घेऊ, आणि लोकांना सांगितलं मला नुसतं 'जून', म्हणजे स्वामी, म्हणा. ज्या काळात सगळे वरचं नाव घ्यायला धावत होते त्या काळात हे बोलणं सोपं नव्हतं.

सगळेच वांग झाल्यावर खरा मोठा कोण हे सांगायला शब्दच उरला नाही. मग नजर गेली 'दी'कडे, देवाच्या शब्दाकडे. इ.स.पू. २८८ मध्ये छिनचा राजा 'पश्चिमेचा दी' झाला आणि छीचा राजा 'पूर्वेचा दी', पण बाकीची राज्यं बिथरली आणि दोनेक महिन्यांत दोघांनीही ते सोडून दिलं. वेळ आली नव्हती अजून.

ती आली इ.स.पू. २२१ मध्ये. छिनचा राजा यिंग झेंग याने सगळी राज्यं जिंकली आणि मंत्र्यांना सांगितलं की आता नाव बदललं नाही तर केलेल्या कामाला शोभणार नाही आणि पुढच्या पिढ्यांपर्यंत पोचणारही नाही. मंत्र्यांनी, त्यात ली सीही होता, विचार करून सांगितलं की प्राचीन काळी तीन 'हुआंग' होते, त्यातला 'ताइहुआंग' सगळ्यात थोर, तुम्ही ते घ्या. राजा म्हणाला ताइ काढा, हुआंग ठेवा आणि पुढे दी जोडा. हुआंगदी. हुआंग म्हणजे तेजस्वी, पूज्य, आणि दी तो जुना देवाचा शब्द. तो स्वतः शी हुआंगदी, पहिला, आणि पुढचे दुसरा, तिसरा असं दहा हजार पिढ्यांपर्यंत. (पुराणातला 'पिवळा सम्राट' त्याचंही नाव हुआंगदीच ऐकू येतं, पण तो हुआंग वेगळा, त्याचं अक्षर पिवळ्या रंगाचं आहे. इंटरनेटवर या दोघांची खूप सरमिसळ असते, जपून वाचा.)

नुसतं नाव घेऊन तो थांबला नाही, भाषेचे काही तुकडेच त्याने स्वतःसाठी राखून ठेवले. 'झन' म्हणजे मी किंवा माझा, तोवर कोणीही वापरायचं, आता फक्त सम्राट. कवी छ्यू युआनची 'ली साओ' ही कविता यापूर्वी साधारण शंभर वर्षं आधीची, तिच्या अगदी पहिल्या दोन ओळींत तो सांगतो की मी दी गाओयांगचा (पुराणातला एक राजा) वंशज, माझे पूज्य वडील बोयोंग, आणि मूळ चिनी ओळींत दी, झन, हुआंग हे तिन्ही शब्द आहेत! एक दरबारी कवी स्वतःची ओळख सांगताना जे शब्द सहज वापरत होता ते शंभर वर्षांत एका माणसाच्या मालकीचे झाले. मला वाटतं या सगळ्या इतिहासातली सगळ्यात वजनदार गोष्ट हीच आहे.

त्याआधीचे राजे स्वतःला उलट लहान करून बोलायचे, 'गुआरन' म्हणजे ज्याच्याकडे सद्गुण कमी आहे असा माणूस, 'गू' म्हणजे पोरका. आणि सम्राटाला हाक मारायची 'बीश्या', अर्थ 'पायऱ्यांच्या खाली'. म्हणजे थेट तुमच्याशी बोलायची माझी लायकी नाही, पायऱ्यांखाली उभ्या असलेल्या तुमच्या सेवकाला मी सांगतोय. आजही चिनी भाषेत महाराज म्हणायला हाच शब्द आहे.

दहा हजार पिढ्या सोडाच, १५ वर्षांत सगळं आटोपलं. तिसऱ्या वारसाला गादीवर बसवताना दरबारी म्हणाले की राज्यं परत स्वतंत्र झालीत, जमीन आकसली, रिकामं हुआंगदी नाव मिरवण्यापेक्षा परत वांगच व्हा. तो ४६ दिवस वांग होता.

मग हान घराणं. ल्यू बांग हा शेतकऱ्याचा मुलगा, इ.स.पू. २०२ मध्ये हुआंगदी झाला आणि वांग ही आता राजपुत्रांना आणि नातेवाइकांना द्यायची रँक झाली. म्हणजे जो शब्द एकेकाळी शिखर होता तो कायमचा दुसऱ्या पायरीवर. त्याच्या वडिलांची गोष्ट सांगायलाच हवी. ल्यू बांग दर पाच दिवसांनी त्यांना भेटायला जायचा आणि साध्या घरातला मुलगा करतो तसा वाकून नमस्कार करायचा. वडिलांच्या कारभाऱ्याने त्यांना तेच जुनं वचन ऐकवलं, आकाशात दोन सूर्य नसतात, तो तुमचा मुलगा असला तरी तुमचा राजा आहे. पुढच्या वेळी ल्यू बांग आला तर म्हातारे वडील हातात झाडू घेऊन दारात उभे, आणि नोकरासारखे मागे मागे सरकत त्याला वाट देतायत. तो हादरला. मग त्याने वडिलांना 'ताइशांगहुआंग' ही पदवी दिली, हुआंग आहे पण दी नाही, कारण राज्य ते करत नव्हते. मुलगा आणि राजा यातला पेच एका अक्षराने सोडवला.

दक्षिणेला, आजच्या ग्वांगझोऊला, झाओ तुओ नावाचा राजा होता, त्यानेही स्वतःला दी म्हणवून घेतलं. हान दरबाराने समजूत काढायला माणूस पाठवला तेव्हा त्याने पत्र दिलं की मी म्हातारा, नुसती स्वतःची करमणूक म्हणून ते नाव घेतलं होतं, आता सोडतो. १९८३ मध्ये त्याच्या नातवाची थडगी सापडली, आत सोन्याचा शिक्का, त्यावर कोरलेलं 'वन दी'. नातूसुद्धा घरात सम्राटच होता! दरबारात एक पदवी आणि घरात दुसरी हे नातवापर्यंत चाललं.

एक अक्षर बदलल्याने काय होतं ते हान दरबारातल्या वांग मांगने (इथे वांग हे आडनाव) दाखवलं. इ.स. ९ मध्ये त्याने गादी बळकावली आणि उत्तरेच्या श्योंगनू या भटक्या टोळ्यांच्या राजाचा जुना शिक्का मागवून नवा दिला. जुन्यावर 'शी' होतं, म्हणजे सम्राटाच्या शिक्क्याला लावायचा शब्द, नव्यावर 'झांग', अधिकाऱ्याच्या शिक्क्याचा. त्यांच्या लगेच लक्षात आलं, आणि अनेक दशकं शांत असलेली सीमा परत पेटली.

आपण ज्या नावांनी चिनी सम्राट ओळखतो त्याबद्दल थोडं. हान काळातले वू, वन ही मेल्यावर दिलेली नावं, कामगिरी बघून (शी हुआंगदीने ही पद्धत बंद केली होती कारण यात मुलगा बापाला मार्क देतो). ताइझोंगसारखी नावं म्हणजे पूर्वजांच्या मंदिरातली नावं. आणि कांगशी, छियानलोंग ही तर माणसांची नावंच नाहीत, त्यांच्या कारकिर्दीच्या कालगणनेची नावं आहेत.

भारताचा धागा इथे खरोखर लागतो. कुशाण राजे स्वतःला 'देवपुत्र' म्हणवायचे आणि त्यामागे 'तियानझी' असावा असं अनेक अभ्यासक मानतात. उलट दिशेनेही झालं, वू झेत्यान ही चीनची एकमेव बाई सम्राट, इ.स. ६९० मध्ये तिने राणी नाही तर हुआंगदी हीच पदवी घेतली आणि ६९३ मध्ये तिच्यापुढे 'सोन्याचं चक्र' जोडलं. ते चक्र म्हणजे बौद्ध ग्रंथांतून गेलेला आपला चक्रवर्ती.

आणि ह्युएनत्संग. इ.स. ६४६ मध्ये पूर्ण झालेल्या त्याच्या प्रवासवर्णनात महाराष्ट्र आहे, इथली मानी माणसं आहेत, आणि राजा पुलकेशीचं नावही आहे. ऐहोळेच्या इ.स. ६३४ च्या शिलालेखात हाच पुलकेशी ९९ हजार गावांच्या तीन महाराष्ट्रकांचा अधिपती आहे, चालुक्यांच्या लेखांत त्याला परमेश्वर म्हटलंय. ह्युएनत्संगने त्याच्यासाठी जे अक्षर लिहिलं ते वांग, आणि ज्या हर्षाला पुलकेशीने नर्मदेवर अडवलं त्यालाही वांगच. हुआंगदी त्याच्या लेखी एकच होता आणि तो चांगआनला, चीनच्या तेव्हाच्या राजधानीत, बसत होता.