हेडफोनसाठी आधी पाच चॅनल उलगडावे लागतात?

हेडफोनवर सराउंड (चहूबाजूंनी येणारा आवाज) ऐकायचा तर आधी पाचही मुख्य चॅनल, म्हणजे एकेका स्पीकरचे आवाज, सुटे करायचे, मग प्रत्येकाला दोन्ही कानांचे फिल्टर (त्या दिशेचा आवाज कानात कसा पोचतो याची नक्कल करणारं गणित) लावायचे, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. म्हणजे दहा फिल्टर, बॅटरीचा फडशा! तसं करता येतं, पण करावंच लागतं असं नाही.

2007 च्या एमपेग सराउंड या सराउंड आवाज साठवण्याच्या मानकात साठवलेला असतो साधा स्टीरिओ (कधी मोनोही) आणि सोबत चॅनलांमधल्या पातळीच्या फरकाची, साम्याची थोडीशी माहिती. डावीकडचा आवाज उजव्या कानाला अर्ध्या-पाऊण मिलिसेकंदाने उशिरा आणि दबका पोचतो. डीकोडर (साठवलेला आवाज ऐकण्याजोगा करणारा भाग) हा कानांचा हिशेब त्या माहितीतच मिसळतो. मग प्रत्येक फ्रिक्वेन्सी पट्ट्याला पुरतो एक छोटा मॅट्रिक्स (गुणाकाराच्या आकड्यांचं कोष्टक): स्टीरिओ आत, दोन कानांचा आवाज बाहेर. पाच चॅनल मध्ये कुठे जन्मालाच येत नाहीत.

समोरचा आवाज कधीकधी मागून भासतो, ही तक्रार मात्र खरी. फिल्टर बहुधा परक्या डोक्यावर मोजलेले असतात.