केराटोकोनस (शंकुरूप स्वच्छमंडल)

डोळ्याच्या दर्शनी बाजूचा पारदर्शक पडदा, म्हणजे स्वच्छमंडल, हळूहळू पातळ होत जाऊन शंकूसारखा पुढे येण्याचा विकार. तो बहुधा दोन्ही डोळ्यांत असतो, मात्र एका डोळ्यात जास्त व दुसऱ्यात कमी. साधारणपणे वयात येताना सुरुवात होते, विशी-पंचविशीपर्यंत वाढ जोरात असते आणि तिशी-चाळिशीत ती बहुतेकांत मंदावते किंवा थांबते. या विकाराने डोळा पूर्ण आंधळा होत नाही. पण शिक्षणाच्या आणि नोकरीच्या ऐन वयात चष्म्याने न सुधारणारी अंधुक दृष्टी पदरी येते.

मराठी परिभाषेत ‘स्वच्छमंडल’ व ‘पारपटल’ असे दोन्ही शब्द रूढ आहेत. बोलताना मात्र लोक ‘बुबुळ’च म्हणतात, आणि त्या एका शब्दात पुढचा पारदर्शक पडदा व त्यामागचा रंगीत पडदा असे दोन्ही येतात. ‘बुबुळाला फोड आली’ किंवा ‘बुबुळ वर आले’ या वर्णनावरून केराटोकोनसचा अंदाज बांधू नये. या विकारात बाहेरून पाहणाऱ्याला बराच काळ काहीच दिसत नाही.

नाव व पूर्वेतिहास : ‘केरास’ (शिंग) आणि ‘कोनोस’ (शंकू) या ग्रीक शब्दांवरून आजचे नाव आले. पहिल्या वर्णनाचे श्रेय बहुधा जर्मन नेत्रवैद्य बुर्कहार्ड माउखार्ट यांना दिले जाते. त्यांनी १७४८ मध्ये अशा एका रुग्णाची नोंद ‘पारदर्शक स्टॅफिलोमा’ या अर्थाच्या लॅटिन नावाने केली. इंग्लंडमधील बेनेडिक्ट डडेल यांनी त्याआधी, १७३६ च्या सुमारास, फुगीर स्वच्छमंडलाचे वर्णन केल्याचे काही लेखक दाखवून देतात. पण ते आजच्याच विकाराचे होते असे ठामपणे म्हणता येत नाही. स्टॅफिलोमा (मूळ अर्थ द्राक्षाच्या घडासारखा फुगवटा) या सरमिसळ गटातून हा विकार निर्विवादपणे वेगळा काढला तो लिव्हरपूलच्या जॉन नॉटिंगहॅम यांनी, १८५४ च्या ग्रंथात. त्यामुळे खरा प्रारंभ तेथून धरणे अधिक सयुक्तिक वाटते. १८५९ मध्ये विल्यम बोमन यांनी तेव्हा नव्या असलेल्या नेत्रदर्शकाने हा विकार ओळखण्याची रीत सांगितली, तर स्विस नेत्रतज्ञ योहान हॉर्नर यांच्या १८६९ मधील प्रबंधानंतर ‘केराटोकोनस’ हे नाव स्थिरावले.

सुश्रुतसंहितेत कृष्णमंडलाचे (डोळ्याच्या काळ्या भागाचे) चार रोग सांगितले आहेत. त्यांतील ‘अजकाजात’ म्हणजेच केराटोकोनस, असे विधान अधूनमधून वाचायला मिळते. ते स्वीकारणे कठीण आहे. अजकाजाताचे वर्णन शेळीच्या लेंडीसारखा, वेदनायुक्त, लालसर आणि कृष्णमंडल भेदून वर येणारा उंचवटा असे आहे. केराटोकोनसमध्ये डोळा एरवी लाल नसतो, दुखत नाही आणि काही फुटूनही बाहेर येत नाही. व्रणानंतर स्वच्छमंडलाला भोक पडून आतला पडदा बाहेर डोकावतो, त्या अवस्थेशी हे वर्णन जास्त जुळते. शिवाय शंकू डोळ्यांनी दिसण्याइतका वाढण्यापूर्वी तो ओळखायला प्रकाशाचे परावर्तन तपासावे लागते. तसे साधन त्या काळी असल्याचा उल्लेख मिळत नाही.

रचना व विकृती : निरोगी स्वच्छमंडलाची मध्यभागी जाडी सुमारे ५४० मायक्रॉन, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जास्त असते. डोळ्याच्या एकूण प्रणमनशक्तीपैकी (प्रकाश वळवण्याच्या शक्तीपैकी) सुमारे दोन-तृतीयांश, म्हणजे ४३ डायॉप्टरच्या (या शक्तीचे एकक) आसपास, एकट्या या पडद्याची असते. जाडीचा नव्वद टक्के भाग स्ट्रोमा या मधल्या थराचा असून त्यात कोलॅजेनचे तंतू थरावर थर असे रचलेले असतात. केराटोकोनसमध्ये या थरांमधील बांधणी सैल होते, थर एकमेकांवरून सरकतात आणि डोळ्यातील नेहमीच्याच दाबाखाली कमकुवत जागा पुढे ढकलली जाते. शंकूचे टोक बहुधा मध्याच्या थोडे खाली असते. स्ट्रोमाच्या वरचा बोमन स्तर जागोजागी तुटलेला आढळतो. अश्रूंमध्ये कोलॅजेन विरघळवणारी काही विकरे (एन्झाइमे) आणि दाहाशी संबंधित द्रव्ये वाढलेली आढळल्यामुळे ‘दाहविरहित विकार’ ही जुनी व्याख्या अलीकडे सैल करावी लागली आहे.

कारणे : एकच एक कारण सापडलेले नाही. आनुवंशिकतेचा वाटा नक्की आहे. जवळच्या नातलगांत विकाराचे प्रमाण जास्त असते, आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या जनुकीय अभ्यासाने गुणसूत्रांवरील ३६ स्थाने विकाराशी जोडली. त्यांतील बरीच कोलॅजेनच्या बांधणीशी संबंधित आहेत. डाऊन लक्षणसमूह आणि संयोजी ऊतकांचे काही जन्मजात दोष असणाऱ्यांत हा विकार अधिक आढळतो.

खरा वाद आहे तो डोळे चोळण्याबद्दल. फ्रेंच शल्यविशारद दामियँ गातिनेल यांच्या मते चोळणे हेच मूळ कारण असून ते थांबले तर विकार होणारच नाही. याउलट, कधीही डोळे न चोळणारे रुग्णही असतात आणि आयुष्यभर चोळूनही स्वच्छमंडल शाबूत राहिलेले लोक त्याहून कितीतरी जास्त आहेत, असा आक्षेप घेतला जातो. मुळात दुबळ्या स्वच्छमंडलावर चोळण्याचा मारा बसला की विकार उघड होतो व वेगाने वाढतो, हा मधला पक्ष बहुतेकांना मान्य आहे. भारतातील उष्ण, कोरड्या भागांत मुलांना, त्यातही मुलग्यांना, दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर डोळ्यांना विलक्षण खाज सुटते. पापण्यांत तारेसारखा चिकट स्राव येतो. हा वासंतिक नेत्रश्लेष्मदाह. अशी मुले बोटांच्या पेरांनी, मुठीने, उशीवर तोंड दाबून डोळे चोळतात. केराटोकोनसच्या बाबतीत त्यांच्याकडे आधी लक्ष द्यावे. खाजेवर स्टेरॉइडचे थेंब मेडिकलच्या दुकानातून परस्पर आणून महिनोन्महिने घालण्याची सवय वेगळीच घातक आहे, कारण त्यातून काचबिंदू व मोतीबिंदू होऊ शकतो.

प्रमाण : केराटोकोनसच्या साहित्यात सर्वांत उलटसुलट आकडे याच मुद्द्याचे आहेत. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातल्या एका परगण्याच्या ४८ वर्षांच्या नोंदींवरून १९८६ मध्ये दर लाखात ५४.५ असा आकडा निघाला आणि पुढे अनेक दशके तोच पाठ्यपुस्तकांतून उतरवला गेला. निदान तेव्हा डोळ्यात प्रकाश टाकून पाहताना दिसणारी कात्रीसारखी हलणारी छाया आणि वक्रतामापकातील वेड्यावाकड्या प्रतिमा यांवरून होत असे. म्हणजे बऱ्यापैकी वाढलेला विकारच मोजला जाई. २०१७ मधील डच अभ्यासाने विम्याच्या नोंदींवरून ३७५ जणांमागे एक असे प्रमाण मांडले. ऑस्ट्रेलियात पर्थ येथे वीस वर्षांच्या तरुणांची आधुनिक त्रिमितीय यंत्राने सरसकट तपासणी केली, तेव्हा प्रमाण १.२ टक्के निघाले. विकार इतका वाढला असे नव्हे. यंत्र सूक्ष्म झाले तशी विकाराची हद्द रुंदावली.

या आकड्यांत महाराष्ट्राचे स्थान मोठे आहे. नागपूरजवळच्या खेड्यांतील तीस वर्षांवरील साडेचार हजारांहून अधिक ग्रामस्थांच्या पाहणीवर आधारित निष्कर्ष योस्ट योनास, विनय नांगिया आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात प्रमाण २.३ टक्के, म्हणजे मिनेसोटाच्या चाळीसपटीहून जास्त होते. ‘भारतात केराटोकोनस जगात सर्वाधिक’ हे विधान बहुधा येथूनच निघालेले असते. परंतु या पाहणीत स्वच्छमंडलाची शक्ती ४८ डायॉप्टर किंवा त्याहून जास्त असणे ही एकच कसोटी होती. पृष्ठभागाचा नकाशा काढलेला नव्हता. उंचीने लहान आणि डोळ्याचा गोल आखूड असलेल्या माणसाचे निरोगी स्वच्छमंडलही अधिक वक्र असू शकते. मर्यादा एक-दोन डायॉप्टरने वर सरकवली की हेच प्रमाण झपाट्याने खाली येते. त्यामुळे २.३ टक्के हा आकडा वरची कड म्हणून वापरावा, सरासरी म्हणून नव्हे. तरीही दक्षिण आशियाई लोकांत विकार जास्त असतो हा निष्कर्ष त्यावर अवलंबून नाही. इंग्लंडच्या मध्य भागात, जेथे गोरे व भारतीय उपखंडातील रहिवासी एकाच रुग्णालयात येतात, तेथेही प्रमाण सुमारे चौपट आढळले आणि रुग्ण वयाने लहान होते.

लक्षणे व निदान : रुग्णाची पहिली तक्रार एकच : चष्म्याचा नंबर सारखा बदलतो. सिलिंडरचा नंबर व त्याचा अक्ष दर खेपेला वेगळा निघतो. चष्मेवाला बदलूनही फरक पडत नाही. रात्री समोरच्या गाडीच्या दिव्यांना शेपट्या फुटतात, एका डोळ्याने पाहताना अक्षरांच्या सावल्या पडतात. पुष्कळांना विकाराचा पत्ता लागतो तो लग्नाआधी किंवा भरतीआधी ‘चष्मा काढण्याचे ऑपरेशन’ करायला गेल्यावर, तेथील तपासणीत. ती तपासणी टाळून अशा डोळ्यावर लेसर चालवला तर आधीच दुबळा पडदा आणखी पातळ होऊन फुगवटा वाढतो. १९९८ पासून याची नोंद झालेली आहे.

पुढच्या अवस्थेत स्लिट लॅम्पखाली (डोळा मोठा करून पाहण्याच्या सूक्ष्मदर्शकाखाली) शंकूच्या पायथ्याशी लोहाचे तपकिरी कडे (फ्लाइशर कडे, १९०६) आणि टोकाशी उभ्या बारीक रेषा (फोग्ट रेषा) दिसतात. खाली पाहताना खालच्या पापणीला इंग्रजी व्ही अक्षरासारखा कोन पडणे हे मन्सन चिन्ह उशिराचे. ते दिसेपर्यंत थांबण्यात अर्थ नाही. आज निदान ठरते ते स्वच्छमंडलाच्या पृष्ठभागाच्या नकाशावर. पोर्तुगीज वैद्य प्लासिदो यांच्या काळ्या-पांढऱ्या वर्तुळांच्या चकतीतून (सुमारे १८८०) आलेली ही कल्पना स्टीफन क्लाइस यांनी १९८४ मध्ये संगणकावर नेली. आताची यंत्रे पुढच्या पृष्ठभागाबरोबर मागचा पृष्ठभाग आणि जागोजागची जाडीही दाखवतात. २०१५ च्या आंतरराष्ट्रीय तज्ञमताने मागच्या पृष्ठभागाचा उंचवटा निदानासाठी आवश्यक ठरवला आणि खरा एकतर्फी केराटोकोनस नसतोच असे मत दिले.

क्वचित, वाढलेल्या विकारात, आतला डेसेमेट स्तर अचानक फाटतो, पाणी शिरून स्वच्छमंडल एका रात्रीत पांढरे होते व दुखते. ही तीव्र जलशोथाची अवस्था काही आठवड्यांत ते महिन्यांत ओसरते. मागे व्रण राहतो.

उपचार : दोन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात. विकाराची वाढ थांबवायची की नाही, आणि आज दिसते ते सुधारायचे कसे. रुग्ण बहुधा दुसरा प्रश्न घेऊन येतो, वैद्याला पहिल्याची घाई असते.

वाढ थांबवणारा उपाय एकच सिद्ध झाला आहे : कोलॅजेनची आडवी जोडणी, म्हणजे क्रॉसलिंकिंग, ज्याला दवाखान्यांत ‘सी-थ्री-आर’ म्हणतात. ड्रेस्डेन येथे थेओ झायलर, एबरहार्ड श्पोर्ल व ग्रेगोर वोलेनझाक यांनी ती विकसित केली आणि २००३ मध्ये २३ डोळ्यांवरील पहिला अनुभव छापला. मूळ पद्धतीत स्वच्छमंडलाची वरची त्वचा खरवडून रायबोफ्लेविनचे (जीवनसत्त्व ब-२) ०.१ टक्का थेंब अर्धा तास घालतात. मग ३७० नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश दर चौरस सेंटिमीटरला ३ मिलिवॉट इतक्या तीव्रतेने आणखी अर्धा तास देतात. प्रकाशाने उत्तेजित झालेले रायबोफ्लेविन कोलॅजेनमध्ये नवे बंध तयार करते. आतील पेशींना इजा होऊ नये म्हणून त्वचा काढल्यावर जाडी किमान ४०० मायक्रॉन असावी अशी अट होती. याहून पातळ डोळ्यांसाठी पडदा तात्पुरता फुगवणारे थेंब वापरतात. वेळ वाचवणाऱ्या, जास्त तीव्रतेच्या पद्धती आता सर्रास आहेत; त्या मूळ पद्धतीइतक्या खोलवर काम करतात का, यावर एकमत नाही. अमेरिकेत २०१६ मध्ये मान्यता मिळेपर्यंत युरोप व भारतात हा उपचार बरीच वर्षे चालू होता. नंतरचे तीन-चार दिवस डोळा चांगलाच दुखतो; जंतुसंसर्ग व धूसरपणा हे धोके आहेत. चष्मा जात नाही, हे रुग्णाला आधी सांगितलेले बरे. मुलांमध्ये वाढ सिद्ध होण्याची वाट न पाहता उपचार करण्याकडे कल आहे.

दृष्टीसाठी सुरुवातीला चष्मा, नंतर कडक वायुपारगम्य काँटॅक्ट लेन्स. मऊ लेन्स शंकूचाच आकार घेते, कडक लेन्स मात्र मधली जागा अश्रूंनी भरून नवा गुळगुळीत पृष्ठभाग देते. काँटॅक्ट लेन्सचा इतिहासच या विकाराशी बांधलेला आहे. १८८८ मध्ये पॅरिसचे यूझेन काल्ट व झुरिकचे आडोल्फ फिक या दोघांनीही काचेच्या लेन्स वापरल्या. फिक यांचा लेख जास्त प्रसिद्ध असला, तरी केराटोकोनससाठी पहिला मान काल्ट यांना देणेच योग्य दिसते. स्वच्छमंडलाला न टेकता डोळ्याच्या पांढऱ्या भागावर बसणारी स्क्लेरल लेन्स ही त्या जुन्या कल्पनेचीच नवी आवृत्ती आहे. वाढलेल्या शंकूलाही ती मानवते, पण महाग असते.

स्ट्रोमात कमानीसारखे प्लास्टिकचे तुकडे बसवून शंकू सपाट करण्याचा प्रयोग फ्रान्सच्या जोसेफ कोलॅन यांनी १९९७ मध्ये सुरू केला. प्लास्टिकऐवजी दात्याच्या स्वच्छमंडलाच्या पट्ट्या वापरण्याची पद्धत चेन्नईच्या सुसान जेकब यांची आहे.

व्रण पडला किंवा लेन्स बसेनाशी झाली तर स्वच्छमंडलरोपण. केराटोकोनससाठी पहिले यशस्वी रोपण रामोन कास्त्रोविएहो यांनी १९३६ मध्ये केले. आता शक्य तेथे रुग्णाचा सर्वांत आतला थर तसाच ठेवून पुढचे थरच बदलतात. त्यामुळे त्या आतल्या थराच्या अस्वीकाराचा धोका उरत नाही. जलशोथ होऊन गेलेल्या डोळ्यात मात्र हे बहुधा जमत नाही. क्रॉसलिंकिंग रुळल्यानंतर नॉर्वे व नेदरलँड्समध्ये या विकारासाठी होणारी रोपणे लक्षणीय घटली. जेथे रुग्ण पहिल्या तपासणीलाच व्रण घेऊन येतो, तेथे नेत्रपेढीवरील अवलंबन कायम आहे.