भ्रूण प्रत्यारोपणाचा खर्च, गोपैदाशीतील

उत्तम वंशाच्या गाईला (दाता गाय) एकाच माजात अनेक बीजांडे सोडावयास लावणे, माजानंतर सुमारे सातव्या दिवशी तिच्या गर्भाशयातून भ्रूण धुऊन काढणे व ते सामान्य गाईंच्या (धारक गाई) गर्भाशयात ठेवणे, या क्रियेस भ्रूण प्रत्यारोपण म्हणतात. प्रस्तुत नोंद तिच्या अर्थकारणापुरती आहे. खर्च 'दर भ्रूणामागे', 'दर गाभण गाईमागे' किंवा 'दर कालवडीमागे' सांगतात. हे तीन आकडे एकमेकांपासून फार दूर असतात आणि जाहिरातीत बहुधा पहिलाच असतो.

इतिहास : सस्तन प्राण्यातील पहिले यशस्वी प्रत्यारोपण वॉल्टर हीप यांनी 1890 मध्ये सशांत केले. गाईतील पहिल्या वासराचे वर्ष काही ग्रंथांत 1950, तर काहींत 1951 दिले आहे. विस्कॉन्सिनमधील विलेट व सहकाऱ्यांचे हे वासरू 1950 च्या डिसेंबरात जन्मले व शोधनिबंध 1951 मध्ये निघाला, असे धरल्यास दोन्ही वर्षांचा मेळ बसतो. त्या प्रयोगात भ्रूण कत्तल केलेल्या गाईकडून मिळवला होता. म्हणजे पहिल्या वासरापायी एक अख्खी दाता गाय खर्ची पडली. पुढे केंब्रिजच्या रोसन व सहकाऱ्यांनी तंत्र सुधारले. वाहतुकीचा खर्च वाचवण्यासाठी मेंढीचे भ्रूण जिवंत सशिणीच्या बीजवाहिनीत ठेवून विमानाने दक्षिण आफ्रिकेस धाडण्याचा त्यांचा 1960 नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांतील प्रयोग आज गमतीचा वाटला, तरी हिशेबाने चोख होता. भ्रूण गोठवण्याची सोय झाल्यावर (गोठवलेल्या भ्रूणापासून पहिले वासरू, केंब्रिज, 1973) सशिणीची जागा द्रव नत्राच्या पात्राने घेतली.

व्यापारी वापर 1970 नंतर उत्तर अमेरिकेत सुरू झाला. शारोले, सिमेंटल इ. युरोपीय जातींच्या आयातीवर निर्बंध असल्याने एकेका वासराला अवाच्या सवा किंमत येई. म्हणूनच भ्रूण काढण्यासाठी दाता गाईला पूर्ण भूल देऊन पोट उघडण्याचा खर्च परवडत असे. त्या दशकाच्या मध्यापासून योनिमार्गे, शस्त्रक्रियेविना भ्रूण काढता येऊ लागले. खर्चातील सर्वांत मोठी घट याच बदलाने झाली, असे सामान्यतः मानले जाते.

संप्रेरकांचा प्रश्न : बहुबीजांडोत्सर्गासाठी (एकाच माजात अनेक बीजांडे सुटण्यासाठी) दोन संप्रेरके वापरात आली. गाभण घोडीच्या रक्तातील संप्रेरक (पीएमएसजी) स्वस्त असते व एकाच टोचणीत काम भागते, कारण ते गाईच्या शरीरात कित्येक दिवस टिकते. मात्र तोच त्याचा दोष ठरतो. माज होऊन गेला तरी अंडाशय उद्दीपित होत राहतात, न फुटलेल्या मोठ्या पुटिका (अंडाशयातील बीजांडाच्या पिशव्या) मागे उरतात आणि भ्रूणांचा दर्जा घसरतो. उरलेला अंश निष्प्रभ करणारा प्रतिरक्तरस देण्याचा उपायही करून पाहिला गेला, पण त्याने स्वस्ताई संपते. डुकराच्या पोष ग्रंथीतून काढलेले एफएसएच (पुटिका वाढवणारे संप्रेरक) महाग असते. त्याचा अर्धायुकाल (शरीरातील अंश निम्मा होण्याचा काळ) सुमारे 5 तासच असल्याने सकाळ-संध्याकाळ असे चार दिवस, उतरत्या मात्रेत टोचावे लागते. आठ टोचण्या म्हणजे आठदा गाय खोड्यात घेणे आणि तितकीच मजुरी. तिसऱ्या दिवशी माज आणणारे प्रोस्टाग्लँडिन व माज दिसल्यावर दोनदा रेतन हे वेगळेच. तरीही दर चांगल्या भ्रूणामागे हिशेब मांडला तर एफएसएचच सरस ठरते, याकडे बहुतेक अभ्यासकांचा कल दिसतो.

अनिश्चितता मात्र दोहोंतही सुटत नाही. एका खेपेस वापरण्याजोगे भ्रूण सरासरीने पाच ते सात मिळतात. परंतु ही सरासरी फसवी आहे. दर चार-पाच दात्यांत एखादी काहीच देत नाही, तर एखादी पंधरा-वीस देते. धुवणाचे पाणी गाळून उरलेला गाळ सूक्ष्मदर्शकाखाली चौकटी-चौकटीने तपासताना शेवटी नुसती अफलित बीजांडे हाती लागली, तरी औषधांचे बिल पूर्ण द्यावेच लागते.

धारक गाय : ग्रंथांत हिला जागा कमी मिळते, पण खर्चात हिचा वाटा मोठा असतो. धारक गाईचा माज दात्याच्या माजाशी साधारण एका दिवसाच्या फरकात जुळावा लागतो. त्यासाठी कळपातील गाईंना टोचून एकाच वेळी माजावर आणतात. सातव्या दिवशी गुदमार्गे तपासताना पीतपिंड (बीजांड सुटल्यावर अंडाशयावर तयार होणारी गाठ) हाताला नीट लागला, तरच भ्रूण त्या बाजूच्या गर्भाशयशृंगात सोडतात, नाहीतर ती गाय त्या खेपेपुरती बाद होते. म्हणून भ्रूणांहून अधिक गाई तयार ठेवाव्या लागतात. उलटलेल्या (गाभण न राहता पुन्हा माजावर आलेल्या) गाईचा चारा, भाकड दिवस व हुकलेले वेत हा खर्च कोणाच्या खाती टाकायचा, यावर हिशेबाच्या पद्धती वेगळ्या होतात. उत्तम व्यवस्थापनात ताज्या भ्रूणाने 60 ते 70 टक्के व गोठवलेल्याने 50 ते 60 टक्के गाई गाभण राहतात. गोठ्यातील उन्हाळा व चाराटंचाई जमेस धरली, तर हे आकडे वरच्या बाजूचे समजावेत.

हिशेबापुरते उदाहरण घेऊ. एका खेपेचा सर्व खर्च 40,000 रुपये व भ्रूण 5 मिळाले, तर दर भ्रूण 8,000 पडतो. निम्म्या गाई फळल्यास दर गाभण गाय 16,000 व त्यांतील निम्मी वासरे माद्या धरल्यास दर कालवड 32,000 रुपये होते. धारक गाईंचा चारा यात नाही. कालवड वेताला येईपर्यंतच्या वर्षांचे व्याजही नाही. लिंगनिश्चित रेत वापरल्यास सुमारे नव्वद टक्के माद्या मिळतात खऱ्या, पण रेत महाग असते आणि अशा रेताने भ्रूणांची संख्या बहुधा घटते.

उपयुक्ततेविषयीचे मतभेद : लँड व हिल (1975) यांनी मांसल गुरांत या तंत्राने निवडीचा वेग वाढेल असे मांडले. निकोलस व स्मिथ (1983) यांनी दुभत्या गुरांसाठी एकाच केंद्रीय कळपात प्रत्यारोपण व निवड करण्याची योजना सुचवली. तिचे अपेक्षित लाभ अंतःप्रजननाकडे (जवळच्या नात्यातील पैदाशीकडे) पुरेसे लक्ष न दिल्याने फुगलेले होते, असे नंतरच्या गणितांतून दिसले. सामान्य दूधउत्पादकाने केवळ गोठा भरण्यासाठी हे तंत्र वापरावे, हे मत आता मागे पडले आहे. वळूमाता व त्यांचे वळू यांच्यावर केलेला खर्च मात्र हजारो रेतमात्रांवर विभागला जात असल्याने सुसह्य होतो. दुर्मिळ जातींच्या जतनात तुलना वेगळीच असते. गोठवलेल्या रेतात अर्धाच वंश साठतो, भ्रूणात तो पूर्ण असतो.

प्रयोगशाळेतील फलन : जिवंत गाईच्या अंडाशयातून सुईने बीजांडे शोषून घेऊन त्यांचे फलन बाहेर करण्याची रीत 1990 नंतर पसरली. तीत संप्रेरके कमी लागतात वा मुळीच लागत नाहीत आणि गाभण गाईकडूनही सुरुवातीच्या महिन्यांत बीजांडे घेता येतात. त्याऐवजी प्रयोगशाळा, संवर्धक द्रव व कुशल हात यांचा स्थिर खर्च वाढतो, जो संख्या मोठी असेल तरच पेलतो. झेबू (वशिंडाच्या) गाईंत पुटिका अधिक असल्याने त्यांना ही रीत विशेष मानवली. गुजरातेतून गेलेल्या गीर गाईंच्या वंशावर ब्राझीलमध्ये ती मोठ्या प्रमाणावर चालते. जगात अशा भ्रूणांची संख्या 2016 पासून गर्भाशयातून धुऊन काढलेल्या भ्रूणांपेक्षा अधिक झाली.

भारत : जैवतंत्रज्ञान विभागाच्या आधाराने 1987 मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाची साबरमती आश्रम गोशाळा (बिडज, गुजरात) हे त्याचे प्रमुख केंद्र होते. डिसेंबर 2014 पासूनच्या राष्ट्रीय गोकुळ मिशनमध्ये प्रयोगशाळेतील भ्रूणाने गाय खात्रीने गाभण राहिल्यास 5,000 रुपये साहाय्य मिळते. साहाय्य भ्रूणामागे न ठेवता गाभण गाईमागे ठेवले आहे, ही गोष्ट वर सांगितलेल्या हिशेबाशी जुळते. देशी बनावटीच्या लिंगनिश्चित रेत तंत्राचे उद्‌घाटन 5 ऑक्टोबर 2024 रोजी वाशीम येथे झाले. त्यामुळे दर मात्रेमागे सुमारे 200 रुपये कमी होतील, असे त्या वेळी सांगण्यात आले.

म्हैस : प्रयोगशाळेतील फलनाने कर्नाल येथे 1990 मध्ये 'प्रथम' हे रेडकू जन्मले. म्हशीत बहुबीजांडोत्सर्गाला प्रतिसाद क्षीण असतो. एका खेपेस वापरण्याजोगे भ्रूण एक ते तीनच मिळतात आणि मुका (बाह्य लक्षणे न दाखवणारा) माज ओळखणे अवघड जाते. त्यामुळे दर रेडीमागचा खर्च गाईच्या कालवडीपेक्षा बराच अधिक पडतो.